कूटशकांची उकल आणि तिचें प्रमाण

पोथीच्या अखेरीस ग्रंथसमाप्तीचा अथवा लेखनाचा शक अंकांत न देतां शब्दांत गुंफून देण्याची चाल आपल्याकडील हस्तलिखितांच्या संग्राहकांस सुपरिचित आहे. भू म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नि म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पांच, ह्याप्रमाणें एकेका अंकास एकेक वस्तु नेमून देऊन अशा शब्दांची माळ ओवावयाची, व ती उलट दिशेनें म्हणजे एकं, दहं, शतं ह्या क्रमानें वाचावयाची, हा तिचा प्रकार. ह्यासच भूतसंख्या म्हणतात. असे कूटशक उकलून दाखविणें हा आमच्यापैकीं पुष्कळांचा आवडता उद्योग आहे, आणि त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु अशी उकल छापतांना जी पद्धति रूढ झाली आहे ती आम्हांस सदोष वाटते, व त्या दोषाचें परीक्षण करणें हा ह्या लेखाचा हेतु आहे. सामान्यतः पुष्पिकेंतील शब्द उतरून घेतात, पुढें दोन आडव्या रेघा काढतात आणि शकाचा आंकडा लिहून मोकळे होतात. कोणत्या शब्दाचा कोणता अंक धरला, दुसरा कोणता धरतां आला असता, व तो कां सोडला, ह्याविषयीं बहुधा एक अक्षरहि नसतें. पुढील लेखक तो आंकडा उचलतो, त्याच्यापुढील लेखक त्यावर कवीचें वय बसवितो, आणि दोन पिढ्यांनंतर मूळ शब्द कोणाच्याहि स्मरणांत राहत नाहींत.

उत्तर सांगणें आणि उत्तर सिद्ध करणें ह्यांत अंतर आहे, हें तत्त्व अगदीं निराळ्या, व कित्येकांस पोरखेळ वाटेल अशा, एका क्षेत्रांत फार काटेकोरपणें पाळलें गेलें आहे. तें क्षेत्र म्हणजे इंग्रजी वृत्तपत्रांतील कूट शब्दकोडें. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांपुढें शब्दकोड्याची गोष्ट काढल्याबद्दल कोणी नाक मुरडील. तथापि ज्यांनीं हीं कोडीं रचलीं त्यांनीं आपल्या करमणुकीस जो कायदा लावला तो आपण आपल्या गंभीर कार्यास लावीत नाहीं, हें पाहिल्यावर नाक मुरडण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न उरतोच.

ह्या कोड्यांचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. आर्थर विन नांवाच्या गृहस्थानें पहिलें शब्दकोडें न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत २१ डिसेंबर १९१३ रोजीं छापलें. त्यांतील सूचना सरळ होत्या. अर्थ द्यावा, शब्द ओळखावा, इतकेंच. हा खेळ इंग्लंडांत गेल्यावर त्यास वांकडें वळण लागलें. ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत १९२६ पासून १९३९ मध्यें मृत्यु येईपर्यंत ‘टॉर्केमाडा’ ह्या नांवानें कोडीं रचणारा एडवर्ड पॉविस मॅदर्स हा त्या वळणाचा आद्य आचार्य होय. त्यानें स्पेनमधील धर्मन्यायाधीशाचें नांव धारण केलें होतें, ह्यावरून सोडविणारांचा तो कसा छळ करी ह्याची कल्पना येईल. आमच्या वाचकांस ह्या मॅदर्सविषयीं दुसरें एक कौतुक वाटेल. बिल्हणाच्या नांवावर चालणाऱ्या चौरपंचाशिकेचें ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ ह्या नांवाचें, १९१९ मध्यें निघालेलें, अत्यंत स्वैर इंग्रजी रूपांतर ह्याचेंच. रूपांतरांत जसा तो मूळ शब्दांस बांधून राहिला नाहीं, तसाच कोड्यांतहि राहिला नाहीं. त्याच्या कित्येक सूचना अशा असत कीं उत्तर सांपडल्यावरहि तें बरोबर कां ह्याची शंका मनांत उरावी. त्याच्या पश्चात् गादीवर आलेला डेरिक मॅकनट, म्हणजेच ‘झिमेनीज’, हा पेशानें ग्रीक-लॅटिनचा शिक्षक. त्यानें व ‘ॲफ्रिट’ म्हणून लिहिणाऱ्या रिची ह्यानें ह्या शंकेस जागाच ठेवावयाची नाहीं असा आग्रह धरला. रिचीनें १९४९ मध्यें आपल्या कोड्यांच्या पुस्तकांत, आणि मॅकनटनें १९६६ मध्यें स्वतंत्र ग्रंथांत, ह्या शास्त्राचे नियम मांडले. त्यांचें सार असें कीं, कोडें घालणाऱ्यानें वाचकास फसवावें, परंतु लबाडी करूं नये. वरवर भलता अर्थ सुचला तरी चालेल. शब्दांचा नेमका अर्थ लावला असतां मात्र उत्तर निघालेंच पाहिजे. आम्हांस विचाराल तर टॉर्केमाडा हा अधिक प्रतिभावान् व झिमेनीज अधिक प्रामाणिक. संशोधनांत दुसऱ्याचा मार्ग धरावा हें सांगणें न लगे.

ह्या शास्त्राची रीत मराठींत दाखविण्याकरितां एक लहानशी सूचना आम्ही येथें रचून देतों: ‘दीन उलटतांच वाहणारी, दोन अक्षरें.’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम कोणी गरीब मनुष्य येतो. परंतु त्या मनुष्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. ‘दीन’ हीं केवळ दोन अक्षरें. ‘उलटतांच’ ही तीं उलट्या क्रमानें लावण्याची आज्ञा. ‘वाहणारी’ हा उत्तराचा अर्थ. उत्तर नदी. येथें सूचनेंतील प्रत्येक शब्दास काम आहे, आणि उत्तराकडे दोन वाटा जातात, एक अर्थाची व दुसरी अक्षरांची. त्या दोन्ही एकाच ठिकाणीं मिळाल्या म्हणूनच उत्तराविषयीं खात्री पटते. आतां आरंभीं ‘बिचारा’ हा शब्द जोडला तर वाक्य अधिक गोड होईल, परंतु त्या शब्दास काम नसल्यामुळें सूचना दुष्ट ठरेल. आणि सोडविणारा ‘बिचारा’ शब्दाचा हिशेब न देतां नदी असें उत्तर सांगेल तर त्याची उकलहि अपुरी ठरेल. ह्याखेरीज तिसरें एक प्रमाण आहे, तें म्हणजे छेदणाऱ्या अक्षरांचें. आडव्या शब्दाचें अक्षर उभ्या शब्दांतहि येतें. उभ्यानें जर त्या घरांत ‘दी’ मागितला आणि आडवा ‘ली’ देत असेल, तर दोहोंपैकीं एक चूक. झिमेनीजनें तर किती अक्षरें अशा छेदावांचून राहूं द्यावीं ह्याचीहि मर्यादा घालून दिली होती.

आमच्याकडे ही दृष्टि नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. दण्डीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितल्यावर, पूर्वाचार्यांनीं आणखी चौदा दुष्ट प्रहेलिका गणल्या आहेत असें नमूद केलें आहे. म्हणजे कूटांतहि शिष्ट व दुष्ट असा विवेक झिमेनीजच्या बारा शतकें आधीं झालेला होता. तो पोथीच्या शेवटच्या पानापर्यंत कां पोंचला नाहीं हा खरा प्रश्न आहे.

कूटशकाकडे ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्याची घडण स्पष्ट होते. प्रत्येक शब्दाच्या जागीं अंक ठेवावयाचा ही पहिली क्रिया. ते अंक उलटावयाचे ही दुसरी. दुसरी क्रिया शब्दांत सांगितलेली नसते, ती संकेतानें गृहीत असते. तथापि आपल्या पोथ्यांत तीमुळें घोटाळा क्वचितच होतो. कारण आपल्याकडील बहुतेक शक एक हजार व दोन हजार ह्यांच्या मधले. तेव्हां हजाराच्या घरांत एक असणारच, आणि माळेच्या एका टोंकास भू, मही, चंद्र, इंदु, शशी ह्यांपैकीं कांहीं तरी सांपडणारच. तें टोंक शेवटचें असलें म्हणजे दिशा आपोआप ठरते. घोटाळा होतो तो पहिल्या क्रियेंत. रस हे सहा, परंतु काव्यशास्त्र जाणणारास ते नऊ. समुद्र हे ज्योतिष्यांचे चार, पुराणिकांचे सात. गुण तीन कीं सहा, लोक तीन, सात कीं चौदा, दिशा चार, आठ कीं दहा, पर्वत सात कीं आठ, पक्ष दोन कीं पंधरा, गो एक कीं नऊ, ह्यांविषयीं कोष दाखवून भांडण मिटत नाहीं, कारण कोषांत दोन्ही अर्थ सांपडतात.

हा संशय किती मोठा असतो हें कळण्याकरितां आम्ही एक कल्पित शक घेऊं: रस, सागर, बाण, भू. रूढ संकेतानें हा शके १५४६. सागर सात धरल्यास १५७६. रस नऊ धरल्यास १५४९, आणि दोन्ही फिरविल्यास १५७९. पहिला आणि शेवटचा ह्यांत तेहतीस वर्षांचें अंतर आहे. पहिल्या वर्षीं मलिक अंबराची भातवडीची लढाई झाली. शेवटच्या वर्षीं शिवाजी महाराज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. म्हणजे एखाद्या ग्रंथकाराचा आश्रयदाता कोण हा प्रश्न केवळ ‘सागर’ ह्या एका शब्दावर लोंबकळूं शकतो. अशा वेळीं ‘रूढ संकेत हाच’ असें म्हणून हात झटकणें म्हणजे सोडविणाऱ्यानें आपली संवय ही लिहिणाऱ्याची संवय मानणें होय.

येथें छेदणारीं अक्षरें कामास येतात. पुष्पिकेंत बहुधा शकाबरोबर संवत्सराचें नांव असतें. शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें, जी बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, आणि बाकी शून्य राहिल्यास क्षय समजावा, हा दक्षिणेकडील संवत्सराचा हिशेब सर्वांस ठाऊक आहे. त्याप्रमाणें शके १५४६ चा संवत्सर रक्ताक्षी, १५७६ चा जय, १५४९ चा प्रभव, १५७९ चा हेमलंबी. चार शकांचीं चार निरनिराळीं नांवें. पोथींत जें असेल तें वाचावें, वाद संपला. दोन शकांमध्यें साठांच्या पटीचें अंतर असल्याशिवाय संवत्सराचें नांव एक येऊं शकत नाहीं, आणि वर सांगितलेल्या द्व्यर्थी शब्दांच्या बहुतेक जोड्यांनीं तसें अंतर पडत नाहीं. म्हणून संवत्सर ही फार बळकट साक्ष आहे.

वाराची साक्ष तितकी बळकट नाहीं, आणि आमच्या मित्रवर्गांत ह्याविषयीं जी श्रद्धा आढळते ती आम्हांस मान्य नाहीं. ‘तिथीचा व वाराचा मेळ बसला’ असें लिहिलें कीं प्रमाण पुरें झालें असें मानण्याचा प्रघात आहे. परंतु वार सातच. चुकीच्या शकांतहि त्या तिथीस तोच वार पडण्याचा संभव सातांत एक असतो. वरील उदाहरणांत तीन शक चुकीचे आहेत; त्यांपैकीं निदान एकाशीं वार योगायोगानें जुळण्याचा संभव शेंकडा ३७ निघतो. त्यांत पुनः तिथि आदल्या दिवशीं लागली असेल अथवा दुसऱ्या दिवशीं संपली असेल असें म्हणून मागेंपुढें एकेक दिवसाची सवलत घेतली, कीं तोच संभव शेंकडा ८१ वर जातो. इतकी सवलत घेतल्यावर मेळ न बसला तरच आश्चर्य! वार उपयोगी आहे, पण खोडण्यास अधिक, सिद्ध करण्यास कमी. नक्षत्र व योग दिले असल्यास ते बारकावा वाढवितात खरे. परंतु ते बव्हंशीं तिथि-मासावरूनच ठरत असल्यामुळें त्यांस स्वतंत्र साक्षीदार समजूं नये.

संवत्सर नाहीं, वार नाहीं, नुसती शब्दांची माळ आहे, अशा ठिकाणीं काय करावें? ह्याचें उत्तम उदाहरण भास्कराचार्याचें. सिद्धान्तशिरोमणींत त्यानें आपला जन्मशक रस, गुण, पूर्ण व मही ह्या चार शब्दांनीं सांगितला आहे, आणि रस व गुण इतक्या वर्षांचा असतांना ग्रंथ रचला असेंहि तेथेंच म्हटलें आहे. ह्यावरून जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, व ग्रंथरचना छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें, हा निर्णय सर्वमान्य आहे. निर्णय बरोबर आहे. पण त्याचें कारण बहुधा सांगितलें जात नाहीं. तेच दोन शब्द वयाकरितां पुनः आले म्हणून उकल दृढ झाली असें भासतें, तें खरें नव्हे. रस नऊ धरल्यास जन्म १०३९ व वय ३९ होईल, आणि दोन्ही विधानें तितक्याच सुखानें नांदतील. एकच शब्द दोनदां वापरला म्हणजे दोन साक्षी होत नाहींत. गुण सहा धरल्यासहि तीच गत. खरा निर्णायक पुरावा ग्रंथाच्या पोटांत आहे. सिद्धान्तशिरोमणींत ग्रहगतीचे, भगणांचे व ज्यांचे असंख्य आंकडे ह्याच शब्दांनीं दिलेले आहेत, आणि तेथें रसाचे सहा व गुणाचे तीन धरले नाहींत तर गणितच चुकतें. म्हणजे त्या ग्रंथकाराचा संकेत कोणता हें त्याचें गणित आपणांस शपथेवर सांगतें. पुढें करणकुतूहलाचा आरंभशक ११०५ आहे, तेव्हां तो एकोणसत्तर वर्षांचा असला पाहिजे. तेंहि शक्य कोटींतलें आहे. ह्यास आम्ही उकल म्हणतों. ज्योतिष्याच्या कूटशकावर भरंवसा ठेवण्यास आम्ही तयार आहों तो ह्याचमुळें. शब्दांचे अंक धरून बसणें हा त्याचा नित्याचा व्यवहार असतो. कीर्तनकार अथवा आख्यानकवि जेव्हां ‘रस’ लिहितो तेव्हां त्याच्या मनांत षड्रस होते कीं नवरस, हें मात्र त्याच्या दुसऱ्या लिखाणावरून शोधावें लागतें, व तें शोधण्याचे श्रम क्वचितच कोणी घेतो.

आपल्या इतिहासांत ज्या कूटशकावर सर्वांत मोठा वाद लोंबत होता तो शिवभारतांतला. कवीन्द्र परमानंदाचें हें काव्य सदाशिव महादेव दिवेकर ह्यांनीं १९२७ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतील शिवजन्माचा शक भू, बाण, प्राण, चंद्र ह्या चार शब्दांत आहे. ह्या माळेचा विशेष असा कीं तिच्या दोन्ही टोंकांस एकाचा वाचक शब्द आहे. वर सांगितलेली दिशेची खूण त्यामुळें येथें लागूं पडत नाहीं. सुलट वाचावें कीं उलट हें टोंकांवरून ठरत नाहीं. परंतु मधले दोन्ही शब्द पांचाचेच असल्यामुळें कसेंहि वाचलें तरी १५५१ च येतात. कवीनें हें बुद्ध्या साधलें कीं सहज घडलें हें सांगणें कठीण. घडलें तें उत्तम झालें. राहतां राहिला ‘प्राण’ हा शब्द. भूतसंख्येंत तो बाणाइतका नेहमींचा नाहीं, आणि संशयी मनुष्यास तेथें जागा दिसेल. पण कवीनें शुक्ल संवत्सर दिला आहे, शिवाय उत्तरायण, शिशिर ऋतु, फाल्गुन मास, कृष्ण पक्ष व तृतीयाहि दिली आहे. १५५१ मध्यें बारा मिळविले म्हणजे १५६३. साठांनीं भागून बाकी तीन. तिसरा संवत्सर शुक्ल. येथें प्राणाचे पांच सोडून दुसरा अंक धरला तर बहुतेक वेळां संवत्सर बदलतो. म्हणजे संशयित शब्द संवत्सरानें बहुतांशीं कोंडला गेला.

हा झाला ग्रंथांतर्गत पुरावा. लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें उजेडांत आणलेल्या जेधे शकावलींत कोणतेंहि कूट नाहीं; तेथें शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असें रोखठोक दिलें आहे. त्या दिवशीं जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पडते, आणि गणितानें वार शुक्रवारच येतो. शकावलीचा लेखक देशमुखांच्या दफ्तरांतला, शिवभारताचा कवि संस्कृतज्ञ पंडित. एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें असें मानण्यास दोहोंच्या घाटणींत कांहीं आधार दिसत नाहीं. बखरींतील वैशाख शके १५४९ ह्या मितीचा जो पक्ष होता त्यास प्रभव संवत्सर लागतो, व तो १५४९ शीं हिशेबानें जुळतोहि. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, आंतला मेळ बसणें म्हणजे घटना खरी असणें नव्हे. ज्यानें चुकीचा शक योजिला तोहि पंचांग पाहून त्याचा बरोबर संवत्सर लिहूं शकतो. मेळानें एवढेंच ठरतें कीं लेखकाच्या मनांत कोणता शक होता. तो शक खरा कीं नाहीं हा पुढचा, स्वतंत्र साक्षींचा प्रश्न, आणि त्या प्रश्नांत १५५१ चा पक्ष दोन निरनिराळ्या घरांतून आलेल्या साक्षींमुळें जड होतो.

लेखकाच्या मनांतला शक म्हटलें. पण आपल्यापुढें असतो तो लेखकाचा हात नव्हे, नकलनविसाचा. नग म्हणजे पर्वत, सात. नाग म्हणजे आठ. मध्यें एका कान्याचें अंतर. अंग सहा, अंक नऊ. इषु पांच, इंदु एक. पाणी लागलेल्या पानावर, अथवा घाईनें केलेल्या नकलेंत, ह्यांपैकीं एकाचा दुसरा होण्यास काय उशीर? व्यासांनीं गणपतीस थोपविण्याकरितां ८,८०० कूटश्लोक घातले अशी कथा आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तींत ती कथाच मूळ संहितेंतून निघून परिशिष्टांत गेली. आम्हांस कधीं कधीं वाटतें कीं महाभारतांतल्या काय किंवा आमच्या पोथ्यांतल्या काय, निम्म्या गांठी व्यासांनीं मारलेल्या नसून गणपतीच्या गादीवर बसलेल्या लेखकूंनीं मारल्या आहेत. त्या सोडवितांना पाठ सुधारण्याची पाळी येते हें खरें. परंतु हवा तो शक येत नाहीं म्हणून नागाचा नग करणें हें उत्तराकरितां कोडें बदलण्यासारखें आहे. पाठ बदलावयाचा तर दोन गोष्टी एकाच वेळीं असाव्या: उपलब्ध पाठानें संवत्सर अथवा दुसरी स्वतंत्र साक्ष स्पष्ट खोटी पडत असावी, आणि नवा पाठ लिपीच्या दृष्टीनें जुन्याच्या शेजारचा असावा. एकीच्या बळावर दुसरी गृहीत धरूं नये.

कूट ह्या एकाच नांवाखालीं आणखी दोन गोष्टी मोडतात. त्या येथें बाजूस ठेवितों. महानुभावांची सकळ लिपि, जी राजवाडे ह्यांनीं फोडली, ती कूट नव्हे, कुलूप आहे. एका अक्षराबद्दल दुसरें अक्षर हा तिचा नियम कळला कीं पानेंच्या पानें आपोआप उघडतात, आणि अर्थपूर्ण मराठी निघाली हेंच किल्ली बरोबर असल्याचें प्रमाण. संतांचीं आध्यात्मिक कूटें व भारुडें ह्यांचा प्रकार ह्याच्या उलट. त्यांस किल्ली नाहीं, छेद नाहीं, एकच उत्तर असावें अशी अपेक्षाहि नाहीं. त्यांचें विवरण होतें, उकल होत नाहीं. तेथील मोकळीक कूटशकांत आणणारांनीं बराच गोंधळ केला आहे.

संग्राहकांस एक गोष्ट थोडी कटु असली तरी सांगितली पाहिजे. पोथी जितकी जुनी तितकी तिची प्रतिष्ठा अधिक, म्हणून दोन शक संभवत असले म्हणजे मनाचा कल जुन्याकडे जातो. त्याहून नेहमींचा भ्रम असा कीं पुष्पिकेंतला शक तो पोथीचा शक. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ असा स्पष्ट उल्लेख आहे आणि तो नकलेमागून नकलेंत उतरला आहे; म्हणून कोणी आपली अठराव्या शतकांतली प्रत यादवकालीन म्हणत नाहीं. पण ग्रंथ अप्रसिद्ध असला आणि शक कूटांत असला कीं तीच चूक विद्वानांच्याहि हातून होते. कूट असल्यामुळें तें नकलनविसासहि कळलेलें नसतें, आणि न कळलेलें मनुष्य अधिक निष्ठेनें उतरून घेतो. शाई, कागद, अक्षरवळण ह्यांचें म्हणणें वेगळें पडत असेल तर कूटशकास रचनेचा शक समजून बाजूला ठेवावा, आणि लेखनाचा काल स्वतंत्र शोधावा.

तेव्हां सूचींच्या व ग्रंथांच्या संपादकांकडून आमची मागणी अशी कीं, कूटशक छापतांना मूळ शब्द पोथींत आहेत तसे, अशुद्धांसह, द्यावे. प्रत्येक शब्दाखालीं धरलेला अंक लिहावा. ज्या शब्दास दुसरा अंक संभवतो तेथें तो कंसांत द्यावा आणि त्यानें येणारा शकहि द्यावा. संवत्सर, तिथि, वार ह्यांचा मेळ कोणत्या शकाशीं बसतो व कोणाशीं बसत नाहीं हें एका ओळींत सांगावें. जो शब्द उकलेंत कोठेंच उपयोगी पडला नाहीं तो उघडपणें ‘लागला नाहीं’ म्हणून नोंदवावा. हा शेवटचा मुद्दा कोणास क्षुल्लक वाटेल. पण ‘बिचारा’ शब्दाचा हिशेब न देतां नदी म्हणणारास इंग्रजी कोडें सोडविणारा देखील आपल्या पंक्तीस बसूं देत नाहीं. चार ओळींच्या ह्या टीपेनें छपाईचा खर्च फारसा वाढणार नाहीं. वाढलाच तर प्रस्तावनेंतील आभारांचीं दोन पानें कमी करावीं.

प्रामाणिकपणें शक सांगणाऱ्याचा नमुना पाहावयाचा असेल तर तो एकनाथमहाराजांचा. त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हांचा शक १५०६ व संवत्सर तारण, असें नोंदलेलें आहे. बारा मिळवून साठांनीं भागतां बाकी अठरा, आणि अठरावा संवत्सर तारणच. त्याहून बोधप्रद नोंद एकनाथी भागवताच्या अखेरीस आहे. तो ग्रंथ वाराणसींत पुरा झाला, म्हणून तेथील रीतीप्रमाणें त्यांनीं विक्रमाचे १६३० वर्ष व वृष संवत्सर दिला. आणि नंतर आपल्या देशाची रीत म्हणून शालिवाहनाचे १४९५ व श्रीमुख संवत्सर दिला. शब्द सारे सरळ संख्यांचे, कूट कोठेंच नाहीं, तरीहि अर्धवट वाचणारास येथें खड्डा आहेच. कारण ‘शक’ हा शब्द त्यांनीं विक्रमाच्या संख्येसहि लावला आहे, आणि तेवढाच भाग एखाद्या जीर्ण पानावर शिल्लक राहिला तर शके १६३०, म्हणजे इ. स. १७०८, असें कोणीहि वाचील. महाराजांनीं तर १५९९ मध्येंच देह ठेविला. परंतु शालिवाहन १६३० चा संवत्सर सर्वधारी येतो, वृष येत नाहीं, आणि तेथेंच चूक पकडली जाते. वृष व श्रीमुख ह्या दोहोंत आठ नांवांचें अंतर दिसतें तीहि चूक नव्हे. उत्तरेकडे बृहस्पतीच्या मानानें सुमारें पंचाऐंशी वर्षांनीं एक संवत्सर गळूं देतात, दक्षिणेंत देत नाहींत, आणि सोळाव्या शतकापर्यंत ह्या भेदानें आठ नांवांचा फरक पडलेला होता. ग्रंथसमाप्तीची मिति कार्तिक शुद्ध पौर्णिमा, वार सोमवार. जुन्या इंग्रजी पंचांगानें ती ९ नोव्हेंबर १५७३ येते. त्या दिवशीं पौर्णिमा होती आणि सोमवारहि होता.